काकूंची काळी बत्तीशी

मी निजामाचं राज्य पाहिलं, रझाकारांच्या धास्तीनं दिवसाढवळ्या ओस पडलेली गावं पाहिली आणि एके दिवशी ते राज्यच उठून गेलेलंही पाहिलं. पण माणूस जागच्या जागी हबकतो म्हणजे त्याचं नेमकं काय होतं, हे मला आमच्या चुलत सासूबाईंनी शिकवलं. त्यांच्या सहवासात मी नऊ वर्षं काढली आणि त्यांतली निदान सात माझं उघडं पडलेलं तोंड मिटण्यात गेली. मी माहेरची बार्शीकडची, इंग्रजी हद्दीतली. चार इयत्ता शिकलेली. आमच्या घरात बायका हळू बोलत, हळू हसत आणि शिंकायचं झालं तर परसात जाऊन शिंकत. अशा मुलीनं जळकोटापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात माप ओलांडलं, आणि पाऊल आत पडतंय न पडतंय तोच काकूंनी माझी हनुवटी धरून दोन बोटांनी माझं तोंड उघडलं. चांगलं उजेडाकडं वळवून पाहिलं आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरीचे दात लई बेस हायेत. टिकतील!" मुलीचं नाक बघतात, रंग बघतात, हे मला माहीत होतं. दात बैलाचे बघतात. मी इतकी हादरले की नाव घ्यायचं विसरले.

मला सख्खी सासू नव्हती; माझ्या यजमानांना त्यांच्या लहानपणापासून काकूंनीच वाढवलेलं, त्यामुळं सासूपण सगळं त्यांच्याकडं. त्यांच्या दोन लेकी दिल्या घरी सुखी होत्या. घरात त्या, काका आणि आम्ही दोघं. माझ्या दातांत त्यांना एवढा रस का, हे मला चारच दिवसांत कळलं. त्यांचे स्वतःचे पडत चालले होते. जे उरले होते ते पिकल्या जांभळासारखे काळे कुळकुळीत होते, कारण त्या जुन्या पिढीतल्या बायका दातवण लावत. हिराकस, मायफळ, हिरडा कुटून केलेली ती काळी पूड. लग्न झालं की दातांना ती चोळायची आणि नवरा आहे तोवर चोळत राहायची. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, तसे काळे दात. आमच्या पिढीला कुणी जबरदस्ती करत नसे, शाळा शिकलेल्या सुना पांढऱ्या दातांच्याच राहिल्या. पण काकूंच्या वयाच्या बाईनं दातवण सोडलं की त्याचा अर्थ पंचक्रोशीत एकच होता, आणि तो तोंडानं सांगावा लागत नसे.

दात ही वस्तू देवानं फक्त चावायला दिली आहे, असं काकूंनी कधीच मानलं नाही. काकांची जळकोटला भुईमुगाची आणि ज्वारीची आडत होती. तिथून घरी आलेल्या पोत्याची शिवण काकू दातांनी उसवत. चोळीची गाठ, दाव्याची गाठ, माझ्या यजमानांच्या पायजम्याची नाडी, सगळ्याला एकच हत्यार. अडकित्ता घरात होता, पण तो काकांसाठी. काकू सुपारी दाढेखाली धरून अशी फोडत की ओसरीवरचं कुत्रं उठून बसे. मग त्याच दाढा हलायला लागल्या. हलणारा दात त्या एक दिवस सहन करत, दुसऱ्या दिवशी त्याला सुतळी बांधत, सुतळीचं दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि मला हाक मारत, "सूनबाई, दार लाव गं!" मी भोळेपणानं दोन वेळा लावलं. तिसऱ्यांदा हाक ऐकली तशी मी सरळ शेजारी पळाले.

त्याहून वाईट पुढंच होतं. लहान मुलांचा दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, टाकतात, म्हणजे नवा चांगला येतो. काकू साठीच्या घरात होत्या. त्यांनी शेणाचा गोळा केला, त्यात स्वतःचा काळा दात खोचला आणि अंगणातून नेम धरून माळवदावर भिरकावला. मी म्हटलं, "काकू, हे लेकरांचं असतं." त्या माझ्याकडं अशा पाहायला लागल्या की जणू मीच वेडी. "लेकरांनाच लागत्यात का काय दात? त्येंला नवीन येत्यात, तर मला बी येतील की!" एकामागून एक असे चौदा गोळे त्या माळवदावर वाळलेले मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाचंही फळ मिळालं नाही, म्हणून त्यांनी दोष दिला तो शेणाला. म्हशीचं होतं, गाईचं पाहिजे होतं.

आता काकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर काकू अर्ध्याच कळतील. काका फार कमी बोलत. सकाळी आडतीवर जाताना "येतो" आणि आल्यावर "आलो", एवढ्यात त्यांचा दिवस निघे. काकूंचं बोलणं मात्र पहाटेच्या जात्याबरोबर सुरू होई, आणि त्यात एक विषय ठरलेला. आधी कोण जाणार? आपल्याकडं दोघं माणसं आधी मोटारीत कोण चढणार यावर बोलत नाहीत इतक्या मोकळेपणानं त्या यावर बोलत. "म्या आदी जानार, सांगून ठेवते. मळवट भरून, हिरवं लुगडं नेसून जानार. तुमी मागनं या सावकाश." काका म्हणत, "बरं." काकांना नुसता ठसका लागला तरी या चुलीपुढून ओरडत, "खोकू नका! आदीच सांगितलंय ना!" भरल्या घरात, ऐन जेवणाच्या वेळी, असलं अभद्र! मी पदर तोंडात कोंबून देवघराकडं पाहत बसे. पण खरं सांगते, काका तापानं दोन दिवस पडून होते तेव्हा याच बाईनं अन्नाला हात लावला नाही आणि मला दम दिला, "कुनाला सांगू नगं, मला भूक न्हाय इतकंच." त्यांचं सगळं गणित त्या एका गोष्टीवर उभं होतं. काकांच्या आधी जायचं, आणि तोवर गावात सवाष्ण म्हणून पहिल्या पाटावर बसायचं.

तो पहिला पाट त्यांचाच असे. नवरात्रात आमच्याकडं घरोघरी सवाष्णी जेवू घालतात. तुळजापूरची देवी इतकी जवळ, तेव्हा कसूर चालत नाही. कुणाचीही सवाष्ण असो, पहिलं बोलावणं काकूंना. वयानं थोर, नवरा धडधाकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात काळेभोर दात. जेवण झालं की सवाष्णीनं विडा चावून तोंड रंगवायचं, तेव्हा ते जेवण देवीला पावलं. आणि त्या वर्षी काकूंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. पाटलीणबाई आमच्या शेजारी, मनानं वाईट नव्हत्या, पण जीभ तिखट. त्यांच्या ओसरीवर बारा जणी बसलेल्या, आणि काकू विडा या गालातून त्या गालात नुसता फिरवत होत्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "काकू, खलबत्त्यात कुटून देऊ का? का पुढच्या साली दुसरी सवाष्ण बघू?" बाया हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तो अख्खा विडा गिळला, पानासकट, सुपारीसकट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुपारीचं होतं की कशाचं, मला विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी त्या घरी कुणाशी बोलल्या नाहीत. मला आपल्या घराचीच भीती वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी काका आडतीवर निघाले तशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सोलापुरात दात बशिवत्यात म्हनं." काका थांबले. इतके थांबले की मला वाटलं आता रागावतात. मग म्हणाले, "सूनबाईला घिऊन जा." माझ्या ऐकण्यातलं त्यांचं ते तोवरचं सगळ्यांत लांब वाक्य.

सोलापुरात माझी मावशी होती, तिच्याकडं आम्ही आठ-दहा दिवस राहिलो. दातांचा डॉक्टर तरुण होता, चष्मा लावणारा, भारी शहाणा. त्यानं काकूंना खुर्चीवर बसवलं, ती खुर्ची मागं कलंडली, आणि काकूंनी त्याच्या मुस्काटात द्यायला हात उगारला. मी तो वरच्या वर धरला. मग त्यानं त्यांच्या तोंडात कालवलेला पांढरा गिलावा भरला, साचा घ्यायला. "बोलू नका," तो म्हणाला. काकूंना हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्या गिलाव्यातून बोलत राहिल्या आणि साचा मोडला. दुसरा घेतला, तेव्हा त्या त्याला चावल्या. दात नसलेलं माणूस एवढ्या जोरानं चावू शकतं, हे त्या डॉक्टरला कुठल्या कॉलेजात शिकवलं नसावं; तो बोट धरून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिला. शेवटी आठव्या दिवशी कवळी तयार झाली. काकूंनी ती तोंडात बसवली, कमरेच्या पिशवीतून भाजलेले फुटाणे काढले आणि डॉक्टरसमोर कडाकडा खाल्ले. मुठीमागून मूठ. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

डॉक्टरनं आरसा पुढं केला, तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. चावता येतंय म्हटल्यावर बघायचं काय! पण मला दिसत होतं. ते दात पांढरेशुभ्र होते. बुडाला लालसर रबर, आणि त्यावर चिनी मातीचे, दुधासारखे. सांगू कसं? एवढी खूश झालेली बाई. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

गावच्या फाट्यावर मोटारीतून उतरलो तर पाणवठ्यावरच्या बाया समोरच. काकू त्यांच्याकडं पाहून तोंडभर हसल्या. एकीच्या डोक्यावरची घागर खाली आली. पाटलीणबाईंनी काकूंच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, मग दात पाहिले, परत कुंकू पाहिलं. "काकू, कपाळ येक सांगतंय अन् तोंड येक," त्या म्हणाल्या, आणि एक म्हातारी तर तिथंच गळा काढून रडायला लागली, काका सोलापूरला गेले होते आणि तिकडंच काही बरंवाईट झालं, असं धरून. काका कुठं सोलापूरला गेले होते! ते घरी ओसरीवर तांब्या घेऊन बसले होते. काकू पाणवठ्यावरचं काही न समजता हसतच आत आल्या. काकांच्या हातातला तांब्या सुटला. त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि, मी डोळ्यांनी पाहिलं, आपल्याच मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली. "अगं," ते म्हणाले, "म्या जिता हाय अजून!"

तेव्हा काकूंनी आरसा मागितला. पाहिलं मात्र, आणि कवळी काढून अंगणात फेकली. मग स्वतःच जाऊन उचलून आणली, धुतली, आणि दातवणाचा डबा घेऊन बसल्या. आठ दिवस ते दात त्यांनी दातवणात बुडवून ठेवले. चिनी मातीवर रंग काही धरेना, तो धरला बुडाच्या रबरावर. म्हणजे हिरड्या काळ्या आणि दात पांढरे! ते रूप पाहून आमच्या गड्यानं रामराम न करता मागच्या दारानं पळ काढला. मग त्यांनी एरंडेलात काजळी कालवली आणि दातांवर थर दिला. लांबून पाहिलं तर बरं दिसे. तेवढ्या भरवशावर त्या पाटलीणबाईंकडं जेवायला गेल्या. निमित्त लेकीच्या डोहाळजेवणाचं होतं. पहिल्या घोटाला खीर राखाडी झाली. दुसऱ्या घोटाला काळी. वाटीत काजळीच्या तेलाचे डोळे तरंगायला लागले, आणि काकू ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून, ती सगळी खीर प्यायल्या. मी ताटावरून उठून पळावं की जमिनीत जावं, याचा विचार करत होते, तेवढ्यात काकू पाटलीणबाईंकडं वळून म्हणाल्या, "विलायची जरा जास्त झाली." आता काळ्यापांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या झालेल्या त्या दातांनी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत सोलापूरला. डॉक्टरनं काकूंना पाहताच आपलं बोट पाठीमागं लपवलं. "काळे दात करून द्या," काकू म्हणाल्या. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं समजावलं, लोक पांढऱ्यासाठी येतात, काळे दात कुठं मिळत नाहीत, कुणी करत नाही, करूही नयेत. तो हसायला लागला. काकूंनी त्याचं हसणं संपू दिलं आणि म्हणाल्या, "लेकरा, तुझी आई हाय का? तिचे दात कसे हायेत?" तो थांबला. मग म्हणाला की बुडासाठी काळं रबरही असतं, भट्टीत ते दगडासारखं कडक होतं, त्याचेच दात कोरून पाहतो. त्यानं ते कोरले, आणि देवा, काय कोरले! काळेभोर, तुळतुळीत, अगदी जुन्या सवाष्णीचे. पांढरी कवळी त्यानं घासून स्वच्छ केली आणि कागदाच्या डबीत घालून माझ्या हातात दिली. "तुमचीच आहे, असू द्या," म्हणाला.

येताना निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागे. इंग्रजी मुलखातून आलेला माल तिथं तपासत, जकात घेत. मोटार थांबली, शिपायानं माझी पिशवी उलथी केली, आणि डबीतून पांढरी बत्तीशी बाहेर पडून त्याच्याकडं पाहून हसली. तो दोन पावलं मागं सरकला आणि आतल्या कारकुनाला हाक मारली. कारकून म्हातारा होता, पांढऱ्या दाढीचा. त्यानं कवळी उलटीपालटी करून पाहिली. "किसके हैं ये?" काकू पुढं झाल्या, "माजे!" त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, तर तिथं दुसरी बत्तीशी, काळी. "अम्मा, एक मूँ कू दो-दो बत्तीश्या काय कू होना? बेचने कू लेजारे क्या?" मोटारीतले लोक खाली उतरून गोळा झाले. तोंडात आहेत ते दात अंगाचे की मालाचे, आणि डबीत आहेत ते कशात धरायचे, यावर शिपाई आणि ड्रायव्हर यांचं कडाक्याचं भांडण लागलं. काकूंनी हातानं दोघांना गप्प केलं. "ह्ये बघा," आपल्या काळ्या दातांवर बोट टेकवून त्या म्हणाल्या, "ह्ये आमचे मालक हायेत तवर. अन् ते डबीतले..."

आणि त्या थांबल्या. काकू वाक्याच्या मध्ये थांबल्या, असं मी त्याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. आधी कोण जाणार, हे रोज जेवताना बोलणारी ही बाई, पण "मालक नसले तर" हे तीन शब्द तिच्या तोंडातून निघेनात. म्हाताऱ्या कारकुनाला काय कळलं कोण जाणे. त्यानं कवळी डबीत ठेवली, डबीचं झाकण स्वतःच्या हातानं नीट लावलं आणि माझ्याकडं दिली. "जाव अम्मा," म्हणाला, "अल्ला उनको सलामत रक्खे."

नळदुर्गाच्या अलीकडं मोटार बोरी नदीच्या पुलावर आली. काकूंनी माझ्या मांडीवरची डबी उचलली आणि मला काही कळायच्या आत खिडकीतून नदीत भिरकावली. "काकू!" मी किंचाळले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. त्याला वाटलं कुणी पोर पडलं. काकू समोर बघत म्हणाल्या, "मला लागत न्हाईत ते. म्या आदी जानार हाय." एवढा मेहनतीचा, एवढा दूरवरून आणलेला जिन्नस! मी जळकोट येईपर्यंत नदीकडच्या बाजूलाच पाहत होते.

पुढची तीन-चार वर्षं काकूंनी पहिला पाट परत मिळवला आणि कुणाला त्याच्या जवळपास फिरकू दिलं नाही. विडा तर त्या असा चावत की रस हनुवटीवर उतरे. फक्त एक झालं, की काढता येणारे दात ही त्यांना सोय वाटायला लागली आणि आम्हाला संकट. जेवून झालं की भर पंगतीत कवळी काढून तांब्यातल्या पाण्यात खळबळून घेत. काका एकदा त्याच तांब्यातून पाणी प्यायले आणि "खारट लागतंय" इतकंच म्हणाले. व्याही जेवायला आले असताना हे बाहेर काढलेले दात त्यांच्या ताटाशेजारी पाटावर होते; व्याह्यांना मधुमेह होता की नाही आठवत नाही, पण त्यांनी त्या दिवशी गोड घेतलं नाही. मी रागावले की काकू म्हणत, "तुझे काढून दाखीव की!" आणि त्या काळ्या दातांनी खदाखदा हसत. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मग रझाकारांचं वर्ष आलं. आम्ही बायका काही महिने बार्शीला माझ्या माहेरी होतो. निजामाचं राज्य गेलं तेव्हा परत आलो. गावात गूळ वाटत होते. त्या धावपळीत काकांना ताप भरला होता, तो मुरला. काकू रात्रंदिवस उशाशी. खोकू नका म्हणून ओरडल्या नाहीत, त्यावरून मी ओळखलं. काकांनी जाताना काही सांगितलं नाही, सवयीप्रमाणं नुसतं "येतो" म्हणाले, आणि गेले.

दहाव्या दिवशी बाया जमल्या. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. काकू मातीच्या गोळ्यासारख्या बसून होत्या. मग पाटलीणबाई, त्याही रडतच होत्या, हळूच म्हणाल्या, "दात बी काडायला पायजेत, काकू. काळे हायेत." इतकी वर्षं या बाईच्या वागण्यानं मी हबकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी आमच्यामुळं हबकले. सहा-सात चांगल्या बाया, त्यांत मी धरून, एका म्हातारीच्या तोंडाकडं पाहत होतो की ते कधी उघडतं. काकूंनी कुणाला हात लावू दिला नाही. पदराआड तोंड वळवलं, कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. ती गरम होती.

मी महिन्याभरानं म्हटलं, "काकू, सोलापूरला जाऊ. पांढरे करून आणू." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. दात नसल्यानं त्यांचं बोलणं कुणाला समजेना, आणि मग त्यांनी बोलणंच कमी केलं. भाकरी दुधात कुस्करून मी देत असे, दुपारी, त्या आपल्या खोलीत दार लोटून एकट्या जेवत. म्हणत, जेवताना तोंड बरं दिसत नाही. कवळी मी फडक्यात बांधून त्यांच्या पेटीत ठेवली होती.

एके दिवशी दूध न्यायचं विसरले म्हणून मी वाटी घेऊन गेले आणि दार ढकललं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंडात काळे दात. हातात कोरडी भाकरी, ठेचा आणि कांदा. मोकळ्या कपाळानं, मोकळ्या हातांनी, त्या कडाकडा चावत होत्या आणि समोरच्या रिकाम्या पाटाशी बोलत होत्या. शब्द अन् शब्द स्पष्ट. "...अन् ज्वारीत किडं झाल्यात. म्या सांगितलं व्हतं ना, राख घाला म्हून? आयकलं का कुनी? अवो, काय म्हन्ते म्या?" मग त्या थांबल्या, उत्तर ऐकत असल्यासारख्या, आणि हसल्या. मी त्यांना गेले कित्येक महिने हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं नाही. शास्त्राप्रमाणं मी आत जाऊन ते दात काढून घ्यायला हवे होते, पाटलीणबाईंच्या कानावर घालायला हवं होतं. माझा स्वभावही तसाच आहे, पोटात काही राहत नाही. मी दार हळूच ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. त्यानंतर काकू होत्या तोवर रोज दुपारी तासभर बसत असे. कुणी आलं की सांगायची, काकू निजल्यात, नंतर या.